बुल टेरियर : माणसांतला कुत्रा

बुल टेरियर ओळखताना चूक होत नाही. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत त्याचा चेहरा एकाच बाकात खाली उतरतो. इतर कुत्र्यांच्या डोळ्यांच्या मधोमध जो खळगा दिसतो तो याला नसतोच. समोरून पाहिले तर डोके अंड्याच्या आकाराचे आणि भरीव. डोळे बारीक, काळे, तिरपे आणि चक्क त्रिकोणी. कान ताठ उभे, छाती रुंद, पाठ आखूड, शेपूट बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती. केस इतके आखूड आणि अंगासरसे की खालचे स्नायू हलताना दिसतात. जातीच्या ब्रिटिश मानकात वजनाची किंवा उंचीची मर्यादा नाही. उंचीच्या मानाने शक्य तेवढा भरीवपणा असावा एवढीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात प्रौढ कुत्रा सुमारे ५३ ते ५६ सेंटिमीटर उंच आणि साधारण २२ ते ३२ किलो वजनाचा भरतो. रंग शुभ्र पांढरा, नाहीतर वाघ्या, तांबडा किंवा तिरंगी. ‘मिनिएचर बुल टेरियर’ ही याचीच लहान आवृत्ती. तिची उंची साडेपस्तीस सेंटिमीटरच्या आत असावी अशी अपेक्षा असते आणि १९३९ पासून ब्रिटनमध्ये ती स्वतंत्र जात मानली जाते. आकार सोडला तर धाकट्याने थोरल्यापेक्षा काहीही कमी केलेले नाही, हट्ट तर मुळीच नाही.

या कुत्र्याचा स्वभाव समजायला त्याचा उगम पाहावा लागतो. बैल आणि अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाले. कुत्र्यांच्या आपापसातल्या झुंजीही त्याच कायद्याने बंद झाल्या होत्या, पण त्या तळघरात किंवा दारूच्या गुत्त्यामागे लपवता येत, म्हणून चालूच राहिल्या. त्या झुंजींसाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र आणलेले संकरित कुत्रे लोक पाळत. ते दिसायला ओबडधोबड आणि एकासारखे एक नसत. बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८५० च्या दशकात या कुत्र्यांत इंग्लिश व्हाइट टेरियर आणि डाल्मेशियन यांचे रक्त मिसळले. त्यातला इंग्लिश व्हाइट टेरियर आज नामशेष झाला आहे. हिंक्स यांनी १८६२ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात मांडलेले पांढरे, सुबक कुत्रे पाहून जुन्या झुंजवाल्यांनी नाके मुरडली. हे देखणे कुत्रे कसले लढतात, असा त्यांचा सूर होता. त्यावर हिंक्स यांनी आपली ‘पस’ नावाची कुत्री झुंजीत उतरवून जिंकून दाखवली आणि ती तशीच प्रदर्शनात उभी केली, अशी आख्यायिका या जातीचे चाहते आवडीने सांगतात. खरी असो वा नसो, पुढचा इतिहास झुंजीचा नाही. श्रीमंत तरुणांनी हा पांढरा कुत्रा मिरवण्यासाठी घेतला, १८८७ मध्ये ब्रिटनमध्ये बुल टेरियर क्लब निघाला आणि जात प्रदर्शनांत आणि घरांत स्थिरावली. आजचे खळगा नसलेले डोके त्यानंतरचे. १९१७ च्या सुमारास ‘लॉर्ड ग्लॅडिएटर’ या कुत्र्याने ते रूढ केले असे मानतात. रंगीत बुल टेरियर विसाव्या शतकात आले. केवळ पांढऱ्याला पांढरा मिळवत गेल्याने बहिरेपण वाढत चालले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

या उगमातून दोन गोष्टी आजच्या कुत्र्यात उतरल्या. एक म्हणजे चिकाटी: सुरू केलेले काम, मग ते सोफा फाडण्याचे का असेना, अर्धवट सोडायचे नाही. दुसरी माणसाविषयीची ओढ. झुंजीच्या आखाड्यात दोन कुत्र्यांना हातांनी धरून सोडवावे लागे, त्यामुळे मालकाच्या अंगावर जाणारा कुत्रा कोणी ठेवत नसे आणि त्याची वीणही वाढवत नसे, असे जातीचे अभ्यासक सांगतात. ब्रिटिश मानकातही धीटपणा आणि खेळकरपणाबरोबर हा कुत्रा हट्टी असला तरी माणसांशी विशेष चांगला असतो, असे नोंदलेले आहे. मानकात ‘हट्टी’ हा गुण म्हणून लिहिला जावा, यातच बरेच काही आले.

माणसाची ओढ हा या कुत्र्याचा मूळ धागा आहे, आणि त्याला पाळताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळही तिथेच सापडते. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांची ‘गार्म : अ हॉस्टेज’ ही कथा ब्रिटिश अमदानीतल्या हिंदुस्थानात घडते. एक गोरा सैनिक आपला बुल टेरियर निवेदकाला देऊन टाकतो आणि तो धडधाकट, लढवय्या कुत्रा धन्यासाठी झुरून झुरून हाडांचा सापळा होऊ लागतो. कथेतला कुत्रा जुन्या ठेवणीचा असला तरी निरीक्षण आजही लागू पडते. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांच्याकडे ‘विली’ नावाचा बुल टेरियर होता. डिसेंबर १९४५ मध्ये पॅटन वारले, त्यानंतर त्यांच्या बांधून ठेवलेल्या सामानाशेजारी पडून राहिलेल्या विलीचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

घरात हा कुत्रा विदूषक असतो. तो माणसाच्या पायांवर बसतो, पाठ टेकून झोपतो, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जाणाऱ्याच्या मागे प्रत्येक वेळी उठून जातो. अधूनमधून त्याच्या अंगात वारे शिरते: शेपूट आत घेऊन, पाठ वाकवून, खुर्च्यांच्या मधून आणि पलंगावरून तो दोन मिनिटे सुसाट धावतो आणि मग काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने आडवा होतो. तो विनाकारण भुंकत नाही. त्यामुळे त्याच्या भुंकण्याकडे लक्ष द्यावे. राखणीसाठी मात्र तो फारसा भरवशाचा नाही. त्याच्या रूपाला घाबरून चोर पळेल, पण ओळखीच्या माणसाबरोबर घरात शिरलेल्या पाहुण्याला तो बहुधा चाटत सुटेल. राखणदार म्हणून साखळीला बांधून ठेवायचा असेल तर ही जात घेऊच नये. बांधलेला, माणसांपासून तोडलेला बुल टेरियर चिडका होतो, स्वतःलाच चावू लागतो आणि खऱ्या अर्थाने धोकादायक बनतो.

मुलांच्या बाबतीत नेहमी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘चावतो का?’ त्याआधी विचारायला हवे की आपटतो का, कारण ते हमखास घडते. पंचवीस-तीस किलोचा हा स्नायूंचा गोळा आनंदाने धावत आला की तीन वर्षांचे मूल जमिनीवर पडते, आणि सत्तरीतल्या आजीही पडू शकतात. त्याचे डोके दगडासारखे कठीण असते आणि प्रेमाने मारलेली ढुशी नाकाला चांगलीच लागते. वेदना सोसण्याची त्याची ताकद मोठी असल्याने मुलांचे ओढणे-चढणे तो इतर अनेक जातींपेक्षा शांतपणे सहन करतो. पण या सहनशीलतेची परीक्षा घेत बसणे हा शहाणपणा नव्हे. सहा-सात वर्षांपुढची, कुत्र्याशी वागण्याचे नियम समजणारी मुले असलेल्या घरात तो छान रुळतो. त्याहून लहान मूल असेल तर मोठे माणूस त्याच खोलीत हवे, मग कुत्रा कितीही गुणी असो. कुत्रा खात असताना, झोपला असताना किंवा त्याच्या तोंडात काही असताना मुलाने जवळ जायचे नाही, आणि कुत्र्याच्या देखत मुलांनी आरडाओरडा करून लुटुपुटीची मारामारी करायची नाही, कारण तो तिच्यात हौसेने सामील होतो. ब्रिटनच्या राजकन्या अ‍ॅन यांच्या ‘डॉटी’ नावाच्या बुल टेरियर कुत्रीने २००२ मध्ये विंडसरच्या उद्यानात दोन मुलांना चावा घेतला. न्यायालयाने राजकन्येला ५०० पौंड दंड केला आणि कुत्रीला सार्वजनिक जागी पट्ट्याने बांधूनच नेण्याचे बंधन घातले. अनुभवी मालकाच्याही हातून सुटलेला कुत्रा काय करील याची खात्री नसते, याची ही नोंद.

इतर प्राण्यांशी त्याचे जमणे ही वेगळी, आणि बरीच अवघड बाब आहे. पिल्लूपणी सगळ्यांशी खेळणारा बुल टेरियर दीड-दोन वर्षांचा झाला की दुसऱ्या कुत्र्यांबाबत, विशेषतः आपल्याच लिंगाच्या कुत्र्यांबाबत, असहिष्णू होऊ शकतो. बहुतेक वेळा भांडण तो उकरून काढत नाही, पण समोरच्याने काढले तर माघारही घेत नाही. घरात दुसरा कुत्रा हवाच असेल तर नर आणि मादी अशी जोडी ठेवावी आणि निर्बीजीकरण करून घ्यावे. दोन नर किंवा दोन माद्या एकत्र ठेवणे म्हणजे आयुष्यभर दारे बंद-उघडी करत राहणे. मांजर, ससा, कोंबडी हे टेरियरच्या दृष्टीने भक्ष्य. मांजराबरोबर लहानाचा मोठा झालेला कुत्रा त्या मांजराला घरातले मानतो, पण कुंपणावरच्या परक्या मांजराला ही सवलत मिळत नाही. शेतावरच्या घरात सापाच्या मागे लागण्याचीही त्याला खोड असते, आणि तिथे त्याचे धैर्य त्याच्या जिवावर बेतते.

आपल्याकडच्या शहरांत यात एक भर पडते ती रस्त्यावरच्या कुत्र्यांची. सकाळच्या फेरीला निघालेल्या बुल टेरियरभोवती गल्लीतली चार-पाच कुत्री भुंकत जमली की तो शांत राहील अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून साधा गळपट्टा पुरेसा नाही. छातीवर बसणारा मजबूत हार्नेस, हाताला न काचणारा जाड पट्टा आणि तो धरणारे ताकदीचे माणूस हवे. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती पट्टा देऊन त्याला खाली पाठवू नये. मुसके घालण्याची सवय पिल्लूपणापासून खाऊ देत देत लावून ठेवली तर पशुवैद्याकडे आणि गर्दीत ती उपयोगी पडते. मात्र धाप टाकायला जागा राहील असे, जाळीचे मुसके निवडावे.

एकटेपण या कुत्र्याला सोसत नाही. नवरा-बायको दोघेही सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील आणि घरात दुसरे कोणी नसेल, तर हा कुत्रा त्यांच्यासाठी नाही. कंटाळलेला बुल टेरियर आधी चपला, मग उशा, मग दाराची चौकट असा क्रम धरतो. हे नुकसान भरून निघते. न भरून निघणारे नुकसान कुत्र्याच्या मनाचे होते: काही बुल टेरियर स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरू लागतात, सुरुवातीला गंमत म्हणून, आणि नंतर तासन्‌तास, खाणे-पिणे विसरून, पंजे रक्ताळेपर्यंत. घरातले हसतात, मोबाइलवर चित्रफीत काढतात, आणि कुत्र्याला वाटते की हे केले की माणसे पाहतात. या वेडात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातील निकोलस डॉडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो बुल टेरियरांच्या माहितीवरून त्याचा अभ्यास केला असून नरांमध्ये ते अधिक दिसते असे त्यांना आढळले. त्यावर ओरडणे किंवा मारणे हा उपाय नाही. पहिल्या काही दिवसांतच लक्ष दुसरीकडे वळवणे, फिरणे आणि डोक्याला काम वाढवणे, आणि तरी थांबले नाही तर पशुवैद्याकडून मेंदूवर काम करणारी औषधे सुरू करणे, हा मार्ग. माणसांच्या मंत्रचळासाठी दिली जाणारी फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधे इथेही चालतात, अर्थात मात्रा पशुवैद्याने ठरवलेलीच.

याच कुत्र्याची दुसरी एक विचित्र सवय मात्र निरुपद्रवी आहे. वाळत घातलेली साडी, पडदा किंवा झाडाची लोंबती पाने पाठीला हलकेच लागतील अशा बेताने तो त्यांच्याखालून अगदी संथ, समाधी लागल्यासारखा चालतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झटका आल्याची भीती वाटते. तसे काही नसते. हाक मारली, खाऊ दाखवला की तो भानावर येतो.

शिकवणीत हा कुत्रा मंद नसतो, त्याला फक्त कारण लागते. जर्मन शेफर्ड सांगितले म्हणून बसतो. बुल टेरियर बसल्याने काय मिळेल याचा हिशेब करतो. त्यामुळे शिकवणी छोटी, पाच-सात मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा, आणि बक्षिसाची हवी. उकडलेल्या चिकनचे तुकडे, पनीर, आवडते खेळणे ही इथली चलने. मारण्याने दोन गोष्टी होतात आणि दोन्ही वाईट: एक तर त्याला मार फारसा लागत नाही आणि तो त्याला खेळ समजतो, नाहीतर माणसावरचा त्याचा विश्वास जातो. नियम मात्र घरातल्या सगळ्यांचे एकच हवेत. बाबांनी सोफ्यावरून उतरवायचे आणि आजोबांनी हळूच वर घ्यायचे, असे चालले की कुत्रा आजोबांचाच नियम खरा मानतो. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असतानाचा काळ सर्वांत मोलाचा. या काळात त्याने निरनिराळी माणसे, छत्र्या, रिक्षा, लिफ्ट, फटाक्यांचे लांबून येणारे आवाज, गणपतीतला ढोल आणि शांत स्वभावाचे मोठे कुत्रे पाहिलेले, ऐकलेले असावेत. लसीकरण पूर्ण व्हायचे असते म्हणून पिल्लाला घरात कोंडून ठेवणे चुकीचे. कडेवर घेऊन फिरवता येते. हात चावत खेळण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी. दोन महिन्यांच्या पिल्लाने बोट धरले तर गोड वाटते, वर्षभराने तोच जबडा असतो आणि तीच सवय.

व्यायाम दिवसाला तासभर, दोन फेऱ्यांत विभागून. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात पहिली फेरी सूर्य वर येण्याआधी आणि दुसरी रस्ता निवल्यावर. हाताचा पंजा डांबरावर काही सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यांनाही तो सोसणार नाही. बुल टेरियरचे तोंड बुलडॉगसारखे चेपलेले नाही, त्यामुळे श्वासाचा त्रास तेवढा नसतो. पण खेळात रंगला की आपण तापलो आहोत हे त्याला कळत नाही आणि तो थांबत नाही. थांबवणे माणसाचे काम. जोरजोरात धाप, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, लटपटणारी चाल ही उष्माघाताची चिन्हे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंख्याखाली ठेवावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. कुत्र्याचे तापमान एरवी ३८ ते ३९ सेल्सिअसच्या आसपास असते आणि ४१ च्या पुढे गेले की जिवाला धोका. पाण्याची हौस असली तरी पुढचे अंग जड असल्याने तो चांगला पोहत नाही. विहीर, प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे आणि इमारतीचा तलाव यांपासून त्याला दूर ठेवावे. शेततळ्याच्या निसरड्या काठावरून तो स्वतःहून वर येऊ शकत नाही.

खाण्याबाबत तो चोखंदळ नसतो, हीच अडचण. दूध-पोळीवर कुत्रा जगतो, पण या स्नायूंच्या बांध्याला ते पुरत नाही. मांस, अंडी किंवा चांगल्या प्रतीचे तयार खाद्य यांतून प्रथिने मिळायला हवीत. प्रौढाला दिवसातून दोन वेळा मोजून द्यावे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, हे मोजमाप वजनकाट्यापेक्षा उपयोगी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुके, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे वर्ज्य. त्यापलीकडे हा कुत्रा जे अन्न नाही तेही गिळतो: मोजे, रबरी चेंडूचे तुकडे, खेळण्यांतले प्लॅस्टिक. आंब्याच्या दिवसांत कोय हा मोठा शत्रू, कारण ती चाटता चाटता गिळली जाते आणि आतड्यात अडकते. वारंवार उलटी, खाणे बंद, पोट दुखत असल्यासारखी पाठ वाकवणे असे दिसले तर घरगुती उपाय करत न बसता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. अडकलेली वस्तू बहुधा शस्त्रक्रियेनेच निघते. चघळायला जाड, पोकळ, न तुटणारे रबरी खेळणे द्यावे. त्यात दही-भात भरून गोठवला तर पाऊण तास शांततेत जातो.

आखूड केसांमुळे निगा सोपी वाटते: आठवड्यातून एकदा रबरी ब्रश आणि महिन्यातून एखादी अंघोळ. पण कातडी नाजूक असते. पिसवा, गोचीड, गवत, धूळ, कधी खाण्यातला एखादा घटक यांमुळे या जातीत खाज आणि पुरळ वारंवार दिसते. पांढऱ्या कुत्र्याच्या नाकावर, कानांवर आणि पोटावर ऊन लागून कातडी भाजते, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले तर तिथे कर्करोग होऊ शकतो. माणसांचे जस्तयुक्त मलम लावू नये. ते चाटले गेले तर विषारी ठरते. पावसाळ्यात फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. गोचिडांचा बंदोबस्त वर्षभर हवा, कारण गोचीडतापाने आपल्याकडे दरवर्षी अनेक कुत्री दगावतात. पाणी साचणाऱ्या भागात रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशींबरोबर लेप्टोस्पायरोसिसचीही लस चुकवू नये.

या जातीची म्हणून काही आनुवंशिक दुखणी आहेत आणि पिल्लू घेताना त्यांचीच चौकशी सर्वांत कमी होते. पहिले बहिरेपण. आतल्या कानात रंगपेशी नसल्या की जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच ऐकण्याची यंत्रणा निकामी होते. पांढऱ्या बुल टेरियरांत सुमारे पाचांतला एक कुत्रा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा असतो. रंगीत बुल टेरियरांत हे प्रमाण शंभरात जेमतेम एक-दीड. दोन्ही कानांनी बहिरे पिल्लू झोपेत टाळी वाजवून ओळखू येते, एका कानाचे मात्र अशा परीक्षेत पकडले जात नाही. त्यासाठी मेंदूचा प्रतिसाद मोजणारी ‘बेअर’ ही चाचणी लागते. एका कानाने बहिरा कुत्रा घरात आनंदाने जगतो, फक्त त्याची पुढे वीण घेऊ नये. दुसरे दुखणे मूत्रपिंडाचे. आनुवंशिक नेफ्रायटिस आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांना होतो. तहान आणि लघवी वाढणे, वजन घटणे ही चिन्हे दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासून घ्यावे. हृदयाच्या झडपांचे दोषही या जातीत आढळतात. ‘लीथल अ‍ॅक्रोडर्मटायटिस’ हा रोग मात्र पिल्लूपणीच उघड होतो: पिल्लू खुरटते, तळवे फाटतात, कातडीवर खपल्या धरतात, आणि बहुतेक पिल्ले दोन वर्षांच्या आत मरतात. २०१८ मध्ये त्याचे जनुक सापडले, त्यामुळे आता आई-बापांची चाचणी करून तो पूर्ण टाळता येतो. मिनिएचर जातीत डोळ्यातले भिंग निखळण्याचा विकार वेगळा. त्याचीही जनुक चाचणी आहे. धडधाकट कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो.

बुल टेरियरची लोकांतली प्रतिमा त्याच्या वागण्यापेक्षा नावाने आणि चेहऱ्याने अधिक घडवली आहे. पिटबुल, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या तीन निराळ्या जाती. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत त्या सर्रास एकच होतात. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्याने बंदी घातलेल्या जातींत बुल टेरियर नाही, जर्मनीने मात्र २००१ पासून त्याच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. त्याच जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या संशोधकांनी निर्बंध असलेल्या जातींच्या कुत्र्यांची आणि गोल्डन रिट्रीव्हरांची एकाच प्रकारची वर्तनचाचणी घेतली, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आक्रमकतेत लक्षणीय फरक दिसला नाही. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले. त्या यादीत नुसते ‘टेरियर’ असाही एक प्रकार होता, म्हणजे शब्दशः घेतले तर चिमुकला यॉर्कशायर टेरियरही त्यात आला असता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. नियम बदलत राहतात, त्यामुळे पिल्लू आणण्यापूर्वी आपल्या महापालिकेचा नियम पाहावा, परवाना काढावा आणि रेबीजच्या लशीचा दाखला जपून ठेवावा. सोसायटीतल्या वादात आरडाओरड्यापेक्षा ही दोन कागदपत्रे जास्त कामाला येतात.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नये आणि आईला पाहिल्याशिवाय घेऊ नये. आई दाखवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून स्वस्तातही नको. आई-बापांच्या श्रवणचाचणीचे, मूत्रपिंड आणि हृदयाच्या तपासणीचे कागद मागावेत. केवळ वंशावळीचे प्रमाणपत्र म्हणजे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. दिवसभर कोणीतरी घरात असणारे, दोन वेळा बाहेर नेण्याचा आळस नसलेले, हट्टापुढे न चिडता ठाम राहणारे कुटुंब असेल तर त्याला बुल टेरियरइतका करमणुकीचा आणि जीव लावणारा कुत्रा सहसा मिळणार नाही. पहिलाच कुत्रा पाळणाऱ्यांनी, घरात रांगते मूल किंवा तोल जाणारी वृद्ध मंडळी असणाऱ्यांनी आणि रोज घराला कुलूप लावणाऱ्यांनी दुसरी जात पाहावी. तरीही मन याच चेहऱ्यावर जडले असेल तर पिल्लू पाहायला जाण्याआधी, ज्यांच्याकडे मोठा बुल टेरियर आहे अशा घरी घरातल्या सर्वांत धाकट्या आणि सर्वांत थोरल्या माणसाला बरोबर घेऊन एक अख्खी संध्याकाळ काढावी, आणि मगच इसार द्यावा.